काकू अंधाराला घाबरेनात

आमच्या म्हैसुरातल्या बोगादीच्या घरात दर रविवारी जेवणं आटोपली की डायनिंग टेबलावरचं प्लास्टिक निघायचं आणि त्या जागी एक भुयार पसरायचं. कधी भुयार, कधी पडका किल्ला, कधी राक्षसाचं स्वयंपाकघर. सगळं कागदावर, मी काढलेलं. खेळ साधा होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, आणि गोष्ट मी सांगायची. "समोर दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय, काय करता?" त्यांनी ठरवायचं, फासे टाकायचे आणि फाशांनी दगा दिला की माझ्याकडे रागानं बघायचं. जणू फासे मीच शिकवून ठेवलेत!

खेळणारे तिघं. एक माझा नवरा, जो आठवडाभर हेब्बाळच्या कंपनीत मान मोडून काम करायचा आणि रविवारी कुऱ्हाड घेऊन फिरायचा. दुसरा त्याच्या ऑफिसातला नागपूरकर. आणि तिसऱ्या आमच्या घरमालकीण काकू, खालच्या मजल्यावरच्या.

काकूंच्या घराण्याला म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. देवघरात विठोबा, बोलण्यात निम्मं कन्नड आणि हातात कात्री. आमच्या गल्लीतली एकही बाई काकूंनी शिवलेल्या ब्लाउजशिवाय लग्नाला जात नसे. काका गेल्यापासून त्या एकट्याच होत्या. मुलगा बेंगळुरूला. त्याचा रविवारी सकाळी फोन यायचा आणि त्यात एकच विषय, "अम्मा, पुरे झालं. मशीन बंद कर आणि इकडे ये." काकू फोन ठेवून वर यायच्या आणि मला म्हणायच्या, "मशीन बंद करून काय करू गं? त्याच्या बाल्कनीत सुम्ने, उगाच उभी राहून गाड्या बघू?" काकूंना घर सोडायचं नव्हतं आणि मशीन तर त्याहून नव्हतं. एरवी कुणाला न भिणारी ही बाई त्या एका फोनला मात्र भ्यायची.

खेळात त्या आल्या त्या आमचा आरडाओरडा ऐकून. काय भांडण झालंय ते बघायला वर आल्या, "मी कडेला बसते" म्हणाल्या आणि तासाभरात कडेवरून त्यांनी तिघांचं राजकारण चालवायला घेतलं. त्यांचं पात्र म्हणजे एक वैदू म्हातारी, जिच्या थैलीत औषधं कमी आणि चकल्या जास्त. स्वभावानं भित्री. दाराबाहेर थांबून आधी बाकीच्यांना आत पाठवणारी.

सावल्यांची कल्पनाही त्यांचीच. आधी मी अंधार पेन्सिलनं नकाशावरच गिरवायची. मग नागपूरकर म्हणायचा, "वहिनी, मी मशाल पेटवली नं, मग अंधार काहून नाही गेला?" आता गिरवलेला अंधार जाणार कुठं? खोडरबर घेऊन मी भुयारभर फिरायची. ते बघून काकूंनी काळ्या नेटचे उरलेले तुकडे आणले आणि नकाशावर ठेवले. एक पदर म्हणजे अंधूक, दोन म्हणजे अंधार, तीन म्हणजे डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही. मशाल पुढं गेली की कापड उचलायचं. काकू स्वतः खेळताना आधी बोटानं चाचपत कापडाच्या कडेपर्यंत जायच्या आणि हात मागं घ्यायच्या. "स्वल्प थांबा. इथं दोन पदर आहेत. मी नाही येणार."

खरं तर एवढ्यावर भागत होतं. पण मला कुठल्याही गोष्टीचं एवढ्यावर भागलेलं बघवत नाही. नेटचे धागे सुटायचे, कडा करकरीत दिसायच्या आणि माझ्या भीषण भुयारात ब्लाउजचे तुकडे पडलेत हे कुणाच्या नजरेतून सुटत नसे. मी घरबसल्या पुस्तकांची मांडणी करते, कॉम्प्युटरवर चित्रं हाताळणं हा माझा धंदा. मला खरीखुरी सावली पाडता येऊ नये?

मग मी सावल्यांच्या मागे लागले. नवऱ्याला टॉर्च धरून उभं केलं आणि समोर मिठाचा डबा, तांब्या, गणपतीची मूर्ती असं काय काय ठेवून बघितलं. वस्तूच्या पायाशी सावली रेखीव असते, लांब जाता जाता विरघळत जाते. ती काळी तर नसतेच. दिव्याचा उजेड पिवळा असेल तर सावलीत निळसर-जांभळी झाक उतरते. हे कळल्यावर मी जांभळ्याच्या इतक्या छटा करून पाहिल्या की नवरा म्हणाला, "वांगी बाजारात याहून कमी रंगांची मिळतात." नकाशाचा एक थर, त्यावर सावलीचा, त्यावर मशालीच्या उजेडाचा. सावलीचा थर पारदर्शक शीटवर छापून घ्यायचा आणि नकाशावर ठेवायचा. छपाईच्या दुकानातल्या माणसानं शीट उजेडात धरून विचारलं, "मॅडम, हा कुणाचा एक्स-रे?"

पहिल्यांदा ती शीट टेबलावर ठेवली तेव्हा दोघंही पुरुष टेबलावर वाकले. खांबामागं जांभळा काळोख साचला होता, कोनाड्यात काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटत होतं. योद्धा कडेला थांबला. चोर थांबला. आणि आमची वैदू म्हातारी तरातरा चालत थेट कोनाड्यात शिरली.

"चला रे, काय उभे राहिलात!" काकू म्हणाल्या.

कोनाड्यात साप होता. मी ठेवला होता ना! फाशांनी काकूंना वाचवलं. नागपूरकर टेबलावर हात आपटून म्हणाला, "काकू तं वाघीण निघाल्या!"

मला राग आला. एवढी मरमर करून मी अंधार पाडायचा आणि ज्या बाईला आजवर दोन पदर नेटनं घाम फुटायचा तिनं त्यातून भाजी आणायला निघाल्यासारखं चालत जायचं? पुढच्या रविवारी मी कडा आणखी तलम केल्या, जांभळा आणखी गूढ केला. काकू त्यातूनही गेल्या. त्याच्या पुढच्या वेळी विहीर काढली, आत नुसती निळी खोली. काकू विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या आणि त्यांनी थैलीतून चकल्या काढल्या. नवरा म्हणाला, "तुझ्या सावल्यांना काकू भीक घालत नाहीत." तो हे प्रेमानं म्हणाला असेल, पण त्या दिवशी त्याला कॉफी दुसऱ्यांदा मिळाली नाही.

आता मला एकच हवं होतं. काकूंनी एकदा, फक्त एकदा, माझ्या सावलीच्या कडेला थांबावं.

त्यासाठी मी गिरणी काढली. बेळगोळच्या रस्त्यानं जाताना कारखान्यांच्या लांबच लांब शेड लागतात. तसलीच एक बंद पडलेली शेड, आत गंजलेली यंत्रं, वर फुटक्या काचांतून येणारा तिरपा उजेड आणि प्रत्येक यंत्रामागं सावली. आठवडाभर रोज काम संपवून मी त्या सावल्यांत बुडून जायची. इतकं मन लावून मी आयुष्यात लोणचंसुद्धा घातलं नव्हतं.

रविवार आला. नवरा आत कॉफी गाळत होता, नागपूरकर गॅलरीत फोनवर होता. टेबलाशी मी आणि काकू. मी नकाशा पसरला आणि आवाज खोल करून सुरुवात केली, "ही गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली आहेत..." काकू वाकल्या, नकाशावरून नजर फिरवली आणि छातीवर हात ठेवला.

"अय्यो! किती छान कत्तलु केलास गं या वेळी. बघूनच भीती वाटली मला."

कत्तलु म्हणजे अंधार. मी फुलून गेले. शेवटी जिंकले! कौतुकानं नकाशाकडे बघितलं तर तो ट्यूबलाइटखाली पांढराफटक पडला होता. सावलीची शीट मी काढलीच नव्हती. ती गुंडाळीतच होती, सोफ्यावर.

तेवढ्यात नवरा कॉफी घेऊन आला. "आज अंधार नाही वाटतं?"

काकूंचा हात छातीवरच राहिला. मग त्या मोठ्यानं हसल्या. "चेष्टा केली रे तिची!" तोही हसला. मीही हसले, सोफ्यावरून शीट आणून ठेवली आणि खेळ पुढं नेला. काकू नेहमीसारख्या सगळ्यांच्या पुढं चालल्या. त्या यंत्रांमागं मी जे जे लपवून ठेवलं होतं, त्यातलं काहीही मी त्यांच्या अंगावर सोडलं नाही.

भांडी घासताना मला सगळं लख्ख कळत गेलं. नेटची कड बोटाला लागते. शीट गुळगुळीत असते. काकू शूर झाल्या नव्हत्या, त्यांना माझा अंधार दिसतच नव्हता. आणि मी दर रविवारी तो आणखी तलम, आणखी जांभळा करत चालले होते. मला रडू आलं आणि रागही आला. त्यांचा थोडा, त्या जांभळ्या रंगाचा जास्त.

सकाळी खाली गेले. त्या मशीनवर होत्या, पण मशीन थांबलेली होती. मी म्हटलं, "काकू, काल सावली ठेवलीच नव्हती मी."

"गोत्तु," त्या म्हणाल्या. माहीत आहे. "तुझा नवरा आला आणि बोलला तेव्हा समजलं."

"मग छान म्हणालात ते?"

"तू दर आठवड्याला किती खपतेस गं. आणि नकाशा ठेवलास की माझ्या तोंडाकडे बघत राहतेस. छान म्हणू नको तर काय करू?"

 मग त्यांनीच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी केव्हाच ऑपरेशन करा म्हणून सांगितलंय. काळी रिळं उजव्या डब्यात, निळी डाव्या, म्हणून शिवण कशीबशी चालू होती. ऑपरेशनला त्या भीत नव्हत्या. "पण मुलाला कळवावं लागेल ना. तो येणार, डोळे बघणार आणि म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हतो? मग माझी ट्रंक भरणार. मग मशीन कुणाची? रद्दीवाल्याची."

"आणि ऑपरेशन नाही केलं तर?" मी विचारलं. जरा चढ्या आवाजातच विचारलं. "दिसायचं बंद झाल्यावर तो ट्रंक भरणार नाही का?"

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, जणू दोष काचेचाच होता. मग म्हणाल्या, "मी नसताना खेळ पुढं न्यायचा नाही. तेवढं कबूल कर."

मी कबूल केलं. मुलाला फोन मात्र त्यांनी स्वतःच केला, मी शेजारी बसून होते.

मग आमचं टोळकं गिरणीच्या दुसऱ्या दालनाच्या दाराशी जे थांबलं ते थांबलंच. दर रविवारी नागपूरकर यायचा, कॉफी प्यायचा आणि विचारायचा, "वहिनी, माझ्या चोराच्या पायाला मुंग्या आल्या नं जी. एक पाऊल टाकू का?" मी नाही म्हणायची. काकूंचा एक डोळा झाला, थेंब झाले, काही आठवड्यांनी दुसरा झाला. मुलगा येऊन-जाऊन होता. चांगला मुलगा. आईची औषधं वेळेवर घालायचा, मशीनवर चादर घालून ठेवायचा, आणि ती चादर बघून मशीन आता कायमची झाकली असं मला वाटायचं. शेवटच्या तपासणीनंतर तो म्हणाला, "आता रविवारी घेऊन जातो अम्माला." काकू एवढंच म्हणाल्या, "दुपारी खेळ आहे. खेळ झाल्यावर बघू."

त्या रविवारी मुलगाही वर आला आणि आईच्या खुर्चीमागं उभा राहिला. मी गिरणी पसरली. वर शीट ठेवली, तीच जुनी. गडद करावी असं दहादा मनात आलं होतं, पण केली नाही. खोटा अंधार दाखवून काकूंना जिंकवायचं नव्हतं मला.

"दार उघडलं आहे," मी म्हणाले.  "काय करता?"

योद्धा एक घर पुढं गेला. चोर त्याच्या मागं गेला. वैदू म्हातारीची पाळी आली. काकूंनी नकाशाकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की नागपूरकरानं फासे खाली ठेवले.

"बेडा," काकू म्हणाल्या. "नको. दोघं मागं या. त्या मोठ्या यंत्राच्या उजवीकडं कत्तलु आहे."

दोघंही वाकले. मोठ्या यंत्राची डावीकडची सावली सगळ्यांना दिसत होती. उजवीकडं मी एक अगदी फिकी छटा टाकली होती, वरच्या छपराच्या छिद्रातून येणारा उजेड अडतो तिथं, इतकी फिकी की काढताना ती टाकू की नको असं मला झालं होतं.

मुलगा खुर्चीवरून पुढं झुकला. "कुठं आहे अम्मा? काही नाही तिथं."

"आहे. जांभळं आहे. नीट बघ."

त्यानं चष्मा वर केला, खाली केला. मग माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

"इतके दिवस तर तू सगळ्यात पुढं पळायचीस म्हणे," तो म्हणाला.

"तेव्हा दिसत नव्हतं रे," काकू म्हणाल्या. "आता दिसतं. दिसतं म्हणून थांबले."

गिरणीत आम्ही त्या दिवशी एक पाऊलही पुढं गेलो नाही. काकू हलेनात आणि त्यांच्याशिवाय कुणी हलेना. एवढा कंटाळवाणा डाव मी आयुष्यात चालवला नाही आणि एवढा आनंदही मला कुठल्या डावात झाला नाही. मुलगा मध्येच खाली गेला, तो ट्रंक आणायला गेला असं मला वाटलं. थोड्या वेळानं आम्ही जिना उतरलो तर मशीनवरची चादर घडी करून बाजूला ठेवलेली होती, आणि तो चप्पल शोधत होता. त्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती, एकट्यालाच.