ग्लेनिसचे सोमवार

ग्लेनिस ट्रँटरला रविवारच्या सामन्याची भीती कधीच वाटली नाही. तिला भीती वाटायची ती सोमवारची. रविवारी माणूस पडतो, उठतो, चिखल झटकतो, आणि ते बघायला सगळा गाव जमलेला असतो. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात मात्र बघायला एकटी बायको असते. मॉर्गन्स क्रीकच्या कोळसाखाणीच्या वस्तीत अशा पुष्कळ बायका होत्या, आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं होतं.

लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. व्हर्न ट्रँटर आठवडाभर खाणीत उतरायचा आणि रविवारी गावच्या रग्बी लीगच्या संघात पुढच्या फळीत खेळायचा. त्या काळी स्क्रम म्हणजे स्क्रम होता. दोन्हीकडची दांडगी माणसं वाकून एकमेकांत डोकी खुपसायची, माना करकरायच्या, आतल्या आत कान चावले जायचे आणि पंच आभाळाकडे बघत उभा राहायचा. हल्ली टीव्हीवर स्क्रम दाखवतात तेव्हा व्हर्न म्हणतो, "हे काय? बसची वाट बघतायत का सगळे?" त्याचं काही चुकत नाही. आता कोणी कोणाला ढकलत नाही. हात गळ्याच्या वर गेला की पंच खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतो, आणि तोच प्रसंग चार कॅमेऱ्यांतून पुन्हा पुन्हा बघतात. तेव्हा कुणाचा खांदा कुणाच्या जबड्यावर बसला की लोक टाळ्या वाजवायचे. ग्लेनिसही वाजवायची, खोटं कशाला बोला.

डॉक्टर वगैरे भानगड नव्हतीच. होता तो नोबी, बादलीवाला. एरवी हा गावात दूध घालायचा. मैदानात कोणी गार पडला की नोबी बादली हिंदकळत धावायचा, तोंडावर थंड पाण्याचा स्पंज पिळायचा, नाकाखाली अमोनियाची बाटली धरायचा आणि मग तीन बोटं पुढे करून विचारायचा, "किती?" पडलेल्या गड्याला मागून सावरून धरणारा सोबती हळूच त्याच्या पाठीवर तीनदा अंगठा दाबायचा. "तीन," गडी म्हणायचा. "शाबास," म्हणून नोबी त्याला परत आत ढकलायचा. क्लबात बिअरचे ग्लास भरले की हीच गोष्ट निघायची, आणि प्रत्येक वेळी माणसं पोट धरून हसायची. नोबी एकदा चुकून पाच बोटं दाखवून बसला आणि सोबत्याने सवयीने तीनदाच दाबलं, हा त्यातला सगळ्यात मोठा विनोद.

हसणारे एकेक करून कमी झाले. त्या पुढच्या फळीतला एकजण आता पोटच्या पोरांना ओळखत नाही. दुसऱ्याने एका सकाळी गाडी धरणाकडे वळवली, आणि ती का वळवली हे गावात कोणी मोठ्याने बोलत नाही.

सोमवारी व्हर्न पडदे ओढून बसायचा. उजेड नको, आवाज नको. एकदा किटलीची शिट्टी वाजली, तर त्याने उकळत्या पाण्यासकट किटली खिडकीबाहेर भिरकावली होती. दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने नव्या किटलीची शिट्टी पक्कडीने उपटून टाकली. दुपारी तो पुन्हा खाणीत गेला. रात्री उलट्या झाल्या का, झोप लागली का, बोलताना अडखळतोय का, हे कोणी तिला विचारलं नाही. नोबीने नाही, प्रशिक्षकाने नाही, क्लबच्या अध्यक्षाने तर नाहीच नाही. त्यांना एवढंच हवं असायचं की पुढच्या रविवारी व्हर्न उभा राहील ना. या एका गोष्टीचा राग तिने आयुष्यभर पोटात ठेवला.

आता व्हर्न शहात्तरचा आहे. खाण केव्हाच बंद पडली, तरी कधी कधी तो पहाटे उठून कामाचे कपडे चढवतो आणि फाटकापाशी गाडीची वाट बघत उभा राहतो. त्याला हाताला धरून घरात आणायचं, चहा द्यायचा. चांगल्या सकाळी तो जुना व्हर्न असतो. वाईट सकाळी ग्लेनिस सुऱ्या कपाटात कुलूपबंद करते.

आणि याच घरात त्यांची नात, टीगन, राहायला आली. तिची आई पश्चिमेकडे खाणीत कामाला, पोरीचं मैदान इथे जवळ. दिवसा बेकरीत काम, संध्याकाळी सराव. ग्लेनिसच्या काळी मुली मैदानावर जायच्या त्या चहा आणि पॅटिस विकायला. टीगन पुढच्या फळीत खेळते. "मान माझी घेतलीय कार्टीने," व्हर्न येईल त्याला सांगतो.

ग्लेनिसने हरकत घेतली नाही, कारण खेळ बदललाय असं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. दिवे होते, डॉक्टर होते, मोसमाआधी संगणकावर परीक्षा होती: शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, किती वेळ लागला ते मोजा. डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. शिवाय घरच्या माणसाला फोन करून विचारायचं, रात्र कशी गेली. हे ऐकून ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी जेवताना टीगन खिदळत आजीला म्हणाली, "नॅन, पहिल्या परीक्षेत आम्ही सगळ्याजणी मुद्दाम ढ होतो. दहा शब्द आठवत असले तरी पाचच सांगायचे. मग पुढे मार लागला तरी आकडा तेवढाच येतो ना. कोण बाहेर काढणार?"

व्हर्नने टेबलावर थाप मारली. "नोबीची बोटं! अजून चालू आहेत म्हणायची!" हसता हसता त्याला ठसका लागला. पोरगीही त्याच्याबरोबर हसली. ग्लेनिसने हातातला घास परत ताटात ठेवला.

"काय गं नॅन? तुझं तोंड का उतरलं?"

"काही नाही. बटाटे घे."

ऑगस्टमधल्या, ऐन हिवाळ्यातल्या एका रविवारी समोरच्या मुलीचा गुडघा टीगनच्या कानशिलावर बसला. ती उठली, दोन पावलं टाकली आणि तिचे पाय दुमडले. तिला बाहेर नेलं, परीक्षा घेतली, आणि थोड्या वेळाने ती धावत परत आत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसने हात शालीत घट्ट धरून ठेवले. रात्री टीगनने भाजलेल्या मटणाला हात लावला नाही, डोकं दुखतंय म्हणाली आणि झोपली.

सोमवारी सकाळी ग्लेनिस स्वयंपाकघरात आली, तर पडदे ओढलेले होते. अंधारात टेबलाशी टीगन बसली होती, दोन्ही तळवे डोळ्यांवर. ग्लेनिसने ते दृश्य पुष्कळदा बघितलं होतं, फक्त तेव्हा त्या खुर्चीत व्हर्न असायचा.

"तू रात्री ओकलीस. मी ऐकलं."

"काहीतरी बाधलं असेल. नॅन, हळू बोल ना."

"टीगन, हे बाधलेलं नाही."

"शनिवारी न्यूकॅसलच्या मोठ्या संघाची माणसं येणारेत माझा खेळ बघायला. शनिवार जाऊ दे, मग तू म्हणशील तिथे दाखवते. शप्पथ."

व्हर्न येऊन बसला. आज त्याची सकाळ चांगली होती; त्याने टोस्टला मुरंबा लावायला घेतला. तेवढ्यात फोन वाजला. टीगन कळवळून कान झाकत उठली.

"ग्लेनिस, शोना बोलतेय, क्लबमधून." फिजिओ पोरगी होती ती, आवाज मायेचा. "टीगन कशी आहे? रात्री काही वेगळं वाटलं का तुम्हाला?"

जो प्रश्न ऐकायला ग्लेनिस उभं आयुष्य थांबली होती, तो आज आला. फ्रिजपाशी टीगन उभी होती. नाही, नाही, अशी मान हलवत होती. क्लबला घरचा म्हणून तिने नॅनचाच नंबर दिला होता, कारण नॅन कधी कोणाचं काही बाहेर बोलत नाही हे गावाला माहीत होतं.

"ओकली," ग्लेनिस म्हणाली. "दोनदा. उजेड सहन होत नाही तिला. आणि शोना, ती पहिली परीक्षा खोटी आहे. पोरी मुद्दाम चुकतात. तिला खेळवू नका."

शोना म्हणाली, तिला एकटं सोडू नका, मी डॉक्टरांना विचारून लगेच फोन करते. फोन ठेवायच्या आधीच टीगन ओरडायला लागली होती.

"चहाडखोर कुठली! माझंच नाही, सगळ्याजणींचं सांगितलंस! आता कोणत्या तोंडाने जाऊ मी तिकडे? सगळं वाटोळं केलंस माझं. मला तुझं तोंड बघायचं नाही!" जाळीचं दार भिंतीवर आपटून ती मागच्या अंगणात निघून गेली.

ग्लेनिस धुतलेलाच कप पुन्हा धुवत राहिली. खिडकीतून तिला पोरगी दिसत होती, कपडे वाळत घालायच्या खांबाला टेकून उभी. घर सोडून जाईल, महिना महिना बोलणार नाही, गावातल्या पोरी आपल्याला बघून थुंकतील. जाऊ दे, ती स्वतःशी म्हणाली, चिडायला पोरगी शाबूत तरी राहील. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या छातीवरचं ओझं जरासं हललं.

दार हळूच उघडलं. टीगन आत आली. चेहरा निवळलेला, राग कुठल्या कुठे.

"बाहेर काय गारठा आहे गं. टोस्ट आहे का माझ्यासाठी?"

ग्लेनिसला भरून आलं. तिने पटकन ताटली पुढे केली. पोरगी समजूतदार आहे, तिला वाटलं, आईसारखी डूख धरणारी नाही.

टीगनने टोस्टचा तुकडा मोडला. "आणि हे बघ, आज शोनाचा फोन येईल. रात्रभर छान झोपली म्हणून सांग. शनिवारचं तुला माहितीये ना. नॅन, तू सांभाळून घेशील ना मला?"

ग्लेनिसने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. टोमणा असेल, थट्टा असेल, काहीही असेल. काही नव्हतं. पोरगी लाडाने हसत होती.

"फोन येऊन गेला की," व्हर्न म्हणाला. बोटाला लागलेला मुरंबा त्याने चाटला. "आत्ताच. केवढी ओरडलीस तू तिच्यावर. दार आपटलंस."

टीगनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबांचं डोकं भरकटलं की आजी-नात त्याच्या नकळत एकमेकींकडे जसं बघायच्या, तसंच तिने ग्लेनिसकडे बघितलं आणि डोळा मिचकावला.

"हो हो पॉप, आपटलं मी दार," ती लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली आणि मुरंब्याची बरणी आपल्याकडे ओढली. ग्लेनिसने फोन उचलला. रुग्णवाहिकेचा नंबर तिला पाठ होता. ती एकेक आकडा दाबत होती, आणि टीगन विचारत होती, "कोणाला करतेस गं?"