जोडेमास्तर

जोडेमास्तर कोणाकडेही गेले की आधी उंबऱ्याबाहेरचे जोडे न्याहाळत, मग घरातली माणसे. जव्हार संस्थानच्या शाळेत ते रसायन शिकवीत, मी संस्कृत. प्रत्येक शाळेत एक विक्षिप्त माणूस असतो. आमच्याकडे तो मान त्यांना मिळाला होता, आणि तोही मला खुपे.

त्यांच्याजवळ एक पितळी नळी होती. तीत साखरेचे पाणी घातले की आतून जाणाऱ्या प्रकाशाला उजवीकडे पीळ पडे. मध घातला की डावीकडे. सुट्टीत ते ती घेऊन पोशेऱ्याच्या डोंगरात हिंडत आणि तिथल्या गावकऱ्यांचा मध तपासत.

"मास्तर, आमचा मध कंच्या अंगाला वळला?"

"डाव्या."

"मंग बिघाडला काय?"

"छे! मधाची चालच ती."

माझे सुभाषित ऐकायला पोशेऱ्याहून कधी कुत्रेही आले नाही.

पुढे मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. दसऱ्याच्या दरबारात महाराज कोणाला तरी नेमणार होते. मी स्तुतीचे श्लोक रचून नेले. मास्तरांनी दारातले फक्त उजवे जोडे चादरीत भरून आणले आणि सिंहासनासमोर ओतले! मानकऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

"महाराज, पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांतही असे डावे-उजवे असतात. आम्ही प्रयोगात ते बनवले तर दोन्ही सारख्याच संख्येने निघतात. सजीवांच्या घरात मात्र बघावे तिथे एकाच पायाचे."

"मग दुसऱ्या पायाचे कोणी नेले?"

"तोच तपास चालू आहे, महाराज. चोर पृथ्वीवरचा वाटत नाही. माझा संशय ताऱ्यांवर आहे. जीव जन्मायच्या आधीच वरून कुठून तरी हा कल आला असावा."

महाराज पोट धरून हसले. बाहेर दिवाणसाहेब एका पायात जोडा घालून दुसऱ्याची वाट पाहत ताटकळले. खुर्ची मास्तरांना मिळाली. माझे श्लोक खिशातच राहिले.

काही वर्षांनी मास्तर हिवतापाने गेले. मी त्यांच्या दारात पोहोचलो आणि त्यांच्याच सवयीने आधी जोडे पाहिले. मोजकेच होते. खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

आत गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. पोशेऱ्याची, मोखाड्याची माणसे रात्रभर डोंगर उतरून आली होती, अनवाणी. एकाने मधाचा भोपळा नळीशेजारी ठेवला आणि मला विचारले, "आता यो कोन बगल, मास्तर?"

खुर्ची आता माझ्याकडे येणार, हे मला तिथेच कळले. तिचा काही उपयोग नाही, हेही.