गुरुजींच्या घरचा ट्रान्सफॉर्मर

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो आणि वाचून नेहमी हसतो. माझा धंदा मोटर वाइंडिंगचा. पंचवीस वर्षांत जळालेली जी मोटर उघडली, तिच्यात जळण्याचं कारण सापडलंच. त्यामुळे जगात बिनकारणाचं काही घडतं, हे मला कधी पटलं नाही. आज मीच लिहायला बसलोय... आणि भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

माझं दुकान चामोर्शीला. तिथून मार्कंड्याकडे जाताना वैनगंगेच्या काठाला एक गाव लागतं — नाव राहू द्या. तिथे माझे शाळेतले गुरुजी राहतात. गणित मला त्यांनीच शिकवलं. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही अवघड झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जे द्याल ते गंधासारखं बारीक करून द्या, एखादा कण राहिला तरी ठसका लागून श्वासनळीत जाईल. घरच्या मिक्सरमधून सगळं रवाळच निघायचं. गुरुजी दिवसेंदिवस वाळत चालले होते.

त्यांची मुलगी वैशाली अमेरिकेत असते. ती सुट्टीवर येताना तिकडचं एक दणकट मिक्सर घेऊन आली. गुरुजींच्या बायकोला सगळं गाव बाई म्हणतं. त्या बाईंनी पिन सॉकेटमध्ये घालायच्या आधी मला फोन केला, हे नशीबच. मशीनच्या बुडाशी लिहिलं होतं — १२० व्होल्ट, १४०० वॅट. आपल्याकडे २३०. लावलं असतं तर पहिल्याच झटक्यात धूर निघाला असता.

वैशाली तयार ट्रान्सफॉर्मर ऑनलाइन मागवणार होती. मी म्हटलं, कशाला? मी स्वतः गुंडाळून देतो. वॅटचा अंदाज मी बरोबर घेतला. मोटर सुरू होताना लिहिलेल्यापेक्षा जास्त ओढते, म्हणून चौदाशेच्या मशीनला तीन हजारांचा बनवला. चूक तिथे नव्हती. चूक व्होल्टेजमध्ये होती, आणि ती मी माझी हुशारी समजून केली.

दिवस उन्हाळी धानाचे होते. नदीवरचे सगळे पंप दिवसभर चालू, त्यामुळे गुरुजींच्या घरी मीटर लावला तर २३० कुठले, १७० भरले. तयार ट्रान्सफॉर्मर आत येईल त्याच्या निम्मंच देतो, त्यावर ते मशीन नुसतं घुरघुरलं असतं. म्हणून मी जुन्या स्टॅबिलायझरला असायचा तसा पाच नंबरांचा नॉब बसवला आणि सगळ्यात कमी व्होल्टेजसाठीच्या एक नंबरवर ठेवला. १७० आत, ११५ बाहेर.

"बाई, याले हात लावू नका," मी सांगितलं. "धान पिकलं, पंप बंद झाले, का व्होल्टेज वाढन. तवा मी येऊन नंबर बदलून देतो."

नॉब चुकून फिरू नये म्हणून त्यावर काळी टेप मारली. मशीन झकास चाललं. वरण-भाताचं अगदी गंध झालं. गुरुजींनी वाटीभर खाल्लं, एकदाही ठसका लागला नाही. बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि मी आपला छाती फुगवून उभा. तेवढ्यात वैशालीनं विचारलं, "सुधाकरभाऊ, आतमधल्या दोन्ही वाइंडिंग अलग आहेत ना, शॉक तर नाही लागणार? फ्यूज टाकला ना? एकदा कोनाकडून चेक करून घेऊ का?"

दोन्ही गोष्टी होत्या. बापाच्या काळजीपोटी विचारलं होतं पोरीनं. पण 'कोनाकडून'... आणि तेही गुरुजींच्या समोर. मला ते भयंकर लागलं. चहा न पिता निघालो. आठवड्यानं वैशाली परत गेली.

पुढे महिनाभरात धान पिकलं. आमच्या धंद्यात हे लगेच कळतं, दुकानात जळालेले पंप यायचे थांबतात. भिंतीवरच्या मीटरचा काटा २४५ वर गेला. मी मनातल्या मनात भागाकार केला, गुरुजींनीच शिकवलेला. बाईंच्या मशीनला आता एकशेवीसच्या जागी एकशे पासष्टच्या वर मिळत होते. ते जळणार होतं, कधी ते सांगता येत नव्हतं. त्या वेळी बाईंचा ओला हात झाकणावर दाबलेला असणार. आणि ते बंद पडलं, की गुरुजी काय खाणार?

हे सगळं मला माहीत होतं. आणि मी गेलो नाही. विसरलो असतो तर इतकं लागलं नसतं. रोज अकराच्या सुमारास, गुरुजींच्या जेवणाच्या वेळेला, मला आठवायचं. मी मनाशी म्हणायचो — करतील फोन. तेव्हा सांगू, घ्या आता कोनाकडून चेक करून. असे पाच दिवस काढले. त्यात एक दिवस साळ्याच्या लग्नाला ब्रह्मपुरीला जाऊन आलो.

सहाव्या दिवशी एकानं जळालेला पंखा आणला. ज्यादा व्होल्टेजनं गेलेला. जळक्या वाइंडिंगचा वास मला नवा नाही, पण त्या दिवशी तो पंखा मी तसाच बाजूला ठेवला. शटर अर्धं ओढलं आणि गाडी काढली.

बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"काऊन रे, परत आला?"

"बाई, ते मशीन लावू नका."

"काऊन? परवा तं तूच सारं ठीक करून गेला."

मी आत गेलो. नॉब चार नंबरवर होता. मीटर लावला — ११७. मी असतो तर चारच नंबर दिला असता. टेप नवी होती, आणि तिचं टोक आत दुमडलेलं, पुढच्या वेळी नखानं पटकन निघावं म्हणून. ही माझी सवय. या भागात असं दुमडताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही.

"किती वाजता आलतो मी?"

"तुले मालूम नाई? अकरा वाजले असन. घामाघूम होता. पानी देल्लं तं पेला बी नाई."

परवा अकरा वाजता मी ब्रह्मपुरीला होतो. फेटा बांधून नवरदेवाच्या शेजारी. फोटो आहेत. बाईंची नजर म्हणाल तर सुईत दोरा ओवतात. नंतर मी लाइनमनला विचारलं, दुसऱ्या वाइंडिंगवाल्याला विचारलं. कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. बायको म्हणाली, देव तुमच्या रूपानं आला. पण कीर्तनात देव येतो तो भजनात दंग असलेल्या भक्तासाठी. माझ्यासारख्या फुगून बसलेल्यासाठी कशाला येईल?

त्या दिवशी तिथेच बाईंना सांगायला हवं होतं, की तो मी नव्हतो. पण त्या म्हणाल्या, "तू आहे म्हनून वैशूले तिकडं झोप लागते." मी मान खाली घालून "हो बाई" म्हणालो. न केलेल्या कामाचं श्रेय घेतलं.

गुरुजी खाटेवर पडून माझ्याकडे बघत होते. बाई त्यांची उशी सारखी करत म्हणाल्या, "परवा तू यांच्या पायाशी बसून लय रडला ना रे. 'गुरुजी, माझं चुकलं, मले मालूम होतं तरी मी आलो नाई,' असाच म्हनत होता. मले तं काई समजलंच नाई. काय चुकलं होतं रे तुझं?"

"काई नाई बाई," मी म्हटलं. "असंच."

कोण आलं होतं, मला आजही माहीत नाही. मी दर रविवारी जातो, व्होल्टेज बघतो, गुरुजींना चार चमचे भरवतो. ते सारखे माझ्या तोंडाकडे बघत राहतात. 'गुरुजी, माझं चुकलं' हे वाक्य अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही.