काळ्या वाटाण्यांचा रंग

सीताराम परब, म्हणजे आमचे मानलेले भावोजी, माझ्या भिंतीपलीकडे राहतात, दहिसरच्या चाळीत. बायको जाऊन दोन वर्षं झाली, मूलबाळ नाही. माणूस भला, पण हट्टी. पित्तनळीत खडा अडकून डोळे पिवळे झाले, तरी रिक्षाने एकटेच इस्पितळात गेले. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून, नळीचं तोंड जरासं कापून खडा काढला. सुट्टी देताना बजावलं, कापलेल्या जागेतून पुढे रक्त येऊ शकतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच या. घरी कोण असतं, असं विचारल्यावर भावोजींनी "मंडळी आहे" असं ठोकून दिलं आणि गेलेल्या बायकोचाच नंबर लिहिला. तो फोन ते अजून चालू ठेवतात.

ते घरी आले त्या दिवशी मी डबाभर काळ्या वाटाण्यांचं सांबारं दिलं. पथ्य विचारायचं मला सुचलं नाही, माझंच चुकलं. त्यांनी ते दोन दिवस पुरवून खाल्लं. तिसऱ्या दिवशी सकाळी शौचाला काळं झालं. वाटाण्यांचाच रंग, असं म्हणून भावोजी स्वस्थ बसले. आम्हा मालवण्यांच्या घरात कुणीही तेच म्हटलं असतं.

दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत असताना बायकोचा फोन वाजला. इस्पितळातली नर्स होती. फोन भावोजींनीच उचलला आणि पेशंट दुसराच कुणी असल्यासारखे बोलत राहिले.

"पेशंट कसे आहेत?"

"बरो आसा."

"शौचाला काळं होतंय का?"

"होता. पण काळे वाटाणे खाल्ल्यान ना."

"चक्कर?"

"येता."

"वाटाण्यांचं राहू द्या. आत्ताच्या आत्ता घेऊन या. त्यांना एकट्याला सोडू नका."

"सोडूचंय नाय," असं सांगून ते एकटेच निघाले. इस्पितळाच्या दारात कोसळले. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली, जखमेपाशी इंजेक्शन दिलं, क्लिप लावली, तेव्हा कुठे रक्त थांबलं. वर दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

संध्याकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं, तशी मी धावत इस्पितळात गेले. सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलं. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. दुपारभर मी घरातच तांदूळ निवडत बसले होते.

"भावोजी, माका हाक मारूक काय झाला होता?"



"दोन वर्सां कोणाक हाक मारूक नाय, वयनी. इसारलंय."