पाचवा फाऊल

बास्केटबॉलच्या मैदानावर सगळ्यांची नजर चेंडूवर असायची, माधव सरांची खेळाडूंच्या पायांवर. हिंगोलीत आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. सामन्यात शिट्टी त्यांच्याकडे आणि गुण लिहिण्याचं काम माझ्याकडे. अडवणारी आधीच पाय रोवून उभी असेल आणि चेंडूवाली तिच्यावर आदळली, तर तो चार्ज, चूक चेंडूवालीची. अडवणारी ऐनवेळी आडवी सरकली, तर ब्लॉक, चूक तिची. पापणी लवायच्या आत निवाडा द्यायचा. "आधी कोण पोचलं तेवढं बघायचं, ओळखपाळख घरी ठेवून यायची," सर म्हणायचे. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला की हसायचे, "बोंबलू द्या, घसा त्यांचाच बसंल."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुसेगावकडच्या मेंढपाळाची, सरांच्याच सुट्टीतल्या शिबिरात खेळ शिकलेली अनुसया मुलींच्या अंतिम सामन्यात खेळत होती. जिल्हा संघात निवड झाली तर वसतिगृहात राहून शिकायचं, नाही तर मेंढरांमागं जायचं, असं तिच्या बापानं बजावलं होतं. शेवटच्या मिनिटांत एक मुलगी तिच्यावर आदळली. सरांनी शिट्टी फुंकून दोन्ही हात कमरेवर ठेवले. ब्लॉक. अनुसयाचा तो पाचवा फाऊल, म्हणजे सामन्यातून बाद. ती मुकाट्यानं बाहेर गेली, संघ हरला आणि तिची निवडही हुकली.

मैदान रिकामं झाल्यावर सर त्या जागी गेले. पाणी मारलेल्या मुरमात तिच्या अनवाणी पावलांचे ठसे टाचांसकट रुतलेले होते, जराही सरकलेले नव्हते. "चार्ज होता हो," म्हणत ते निवड समितीकडे धावले. निवड करणाऱ्यांनी मात्र ऐकून घेतलं नाही.

सर तिला शोधत हट्ट्याजवळच्या मेंढवाड्यावर जाऊन आले. पुढं दोघी आदळल्या की त्यांचा हात अडखळू लागला आणि वर्षभरात त्यांनी शिट्टी सोडली. चूक कुठल्या पंचाकडून होत नाही, म्हणून मी त्यांच्यावर चिडायचो. त्यांच्याकडं बघून वाईटही वाटायचं.

काही वर्षांनी दवाखान्यात, जाण्याच्या थोडे दिवस आधी, ते त्या भेटीबद्दल बोलले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीनं घोंगडं अंथरलं, चहा ठेवला. मी म्हणलं, तू हललीच न्हाईस, मग तवाच काहून बोलली न्हाईस? तर म्हणली, सर, शिबिरात तुमीच तर शिकवलं होतं, पंचाशी हुज्जत घालायची न्हाई."