आमच्या लग्नाचे पुरावे

नवरा न्यूझीलंडला गेला तेव्हा आमच्या लग्नाला चारच महिने झाले होते. तिथं तो एका डेअरीत मशिनी दुरुस्त करायचा. मी नांदेडला माहेरी राहून पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. वर्षभरानं त्याला कळलं की आता बायकोला बोलावून घेता येईल. लगेच माझ्या मोठ्या दिरांनी मला न विचारता लातूरचा व्हिसा एजंट ठरवला. त्यांचं तिथं कापडाचं दुकान आहे. माझा पासपोर्टही त्यांनी मागवून परस्पर त्याच्याकडं दिला.

"एजंटबिगर कुणाचंच काम हुईना," ते फोनवर म्हणाले. "तू फक्त सही करायला ये."

एजंटचं ऑफिस मोबाईलच्या दुकानावर होतं. लग्न खरं आहे हे न्यूझीलंडच्या सरकारला दाखवावं लागतं म्हणून त्यानं माझा फोन मागितला. नवऱ्याचे मेसेज तो वाचत गेला, आणि दीर त्याच्या खांद्यावरून वाचत गेले.

"ताई, ह्याच्यात तर लई भांडणं दिसायलीत," एजंट म्हणाला. "आन बाकी नुसतं 'जेवलात का', 'थंडी हाय का'. ह्याला कोण नवरा-बायको म्हनंल? हे डिलीट मारा. मी देतो तसे गोड मेसेज पाठवा महिनाभर. फोटोचं मी बघतो. गोव्याच्या बीचवर उभं करतो दोघांला."

"आम्ही गोव्याला गेलोच नाही."

"त्यांला काय कळतंय?" दीर हसले.

मी एजंटच्या हातातून फोन हिसकावला आणि पासपोर्ट मागितला. फाईल सुरू झाली, आता मिळत नाही, म्हणाला. दीर उठून उभे राहिले. "चार लोकांत माझी इज्जत काढायला आलीस का? गप बस." मी तशीच निघून आले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याला सगळं आधीच पोचलं होतं.

"दादा सांगायलाय तसं कर ना."

"खोटे फोटो लावू?"

"तुला यायचं हाय का न्हाई?"

"तुमच्या भावानं आपले मेसेज वाचले. त्याचं काहीच वाटत नाही तुम्हाला?"

त्यानं फोन ठेवला. पुढचे आठ दिवस मीही उचलला नाही.

सोमवारी सुट्टी टाकून एकटीच लातूरला गेले. एजंटपुढं औशाचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "माझा पासपोर्ट देता का पोलिसांना घेऊन येऊ?" त्यानं ड्रॉवर उघडला आणि पासपोर्ट टेबलावर फेकला. "एकदा रिजेक्ट झालं ना, मग बसा जन्मभर नांदेडात लोकांचं रक्त काढत."

मी घाबरले नाही असं म्हणणं खोटं ठरेल. परतताना अहमदपूरला बस थांबली तेव्हा उतरून परत जावं, त्याची माफी मागावी, असंही मनात आलं होतं.

व्हिसाचा अर्ज मीच भरला, लॅबच्या कॉम्प्युटरवर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. भांडणांसकट सगळे मेसेज जोडले, त्यांचं इंग्रजी करायला माझ्या जुन्या शिक्षिकेची मदत घेतली. मी मागितल्यावर नवऱ्यानं त्याचे कागद पाठवले, पण सोबत एक शब्दही लिहिला नाही. काही महिन्यांनी तिकडच्या व्हिसा ऑफिसातून पत्र आलं: लग्नाच्या फोटोंत घरचेच सगळे आहेत, तुम्हा दोघांचे फोटो का नाहीत? मी लिहिलं, त्या चार महिन्यांत आम्हाला दोघांनाच कुणी कुठं जाऊ दिलं नाही.

व्हिसा आला. दिरांनी सगळ्या नातेवाइकांत सांगितलं की एजंटनंच आतून काम केलं. हैदराबादच्या विमानतळावर सोडायला फक्त माझे वडील आले.

इथं पोचल्यावर तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "दादाला एकदा सॉरी म्हण, विषय संपव."

"तुम्ही मला म्हणा आधी," मी म्हणाले.

तो जेवण अर्धं टाकून कामावर गेला. सॉरी अजून कुणीच कुणाला म्हटलेलं नाही.