दुसरी रेघ

पुनम फेगडे सावद्याची. एम.एस्सी. झाल्यावर ती जळगावातल्या एका महाविद्यालयात भिरूड मॅडमच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून लागली. तिचे वडील अभिमन आबा केळीचे शेतकरी. पोरीचं काम त्यांना लगेच समजलं होतं. केळीला हरण्या रोग लागलाय का, हे पान पिवळं पडायच्या आधी ओळखायचं. एकदा पानावर पिवळे पट्टे उमटले आणि मधला कोवळा पोंगा सडला, की झाड उपटून फेकण्यावाचून इलाज राहत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मॅडम आणि पुनमने त्यासाठी एक पट्टी तयार केली होती. पानाचा रस काढायचा, पट्टीवर थेंब सोडायचा. एक रेघ उमटली तर रोप चांगलं, दोन उमटल्या तर आत विषाणू. प्रयोगशाळेत पट्टी चालली. पण ती बाजारात यायची तर आधी खऱ्या रोपवाटिकेत, हजारो रोपांवर तपासायला हवी होती, आणि पुढे ती बनवायलाही कुणीतरी हवं होतं. एरंडोलजवळची एक टिश्यूकल्चर कंपनी कशीबशी तयार झाली. प्राचार्यांच्या दालनात सह्या झाल्या, शाल-नारळ झालं, फोटो निघाला. करारात एक कलम होतं: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कुठलाही निकाल बाहेर सांगायचा नाही. पुनमने त्याखाली सही केली, तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मे महिन्यात कंपनीच्या चार नंबरच्या शेडनेटमधली पानं तपासायला आली. पुनमने थेंब सोडला आणि घड्याळ लावलं. दुसरी रेघ उमटली. पुढच्या पट्टीवरही उमटली. तिने नव्या डब्यातल्या पट्ट्या काढून सगळं पहिल्यापासून केलं. बऱ्याच पानांना पुन्हा दोन रेघा.

मॅडमनी पट्ट्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. "पीसीआरवर खात्री करावी लागेल. आपलं मशीन बंद आहे. नमुने पुण्याला पाठवू."

"तोवर रोपं जातील, मॅडम. मृगबागेची, जूनच्या लागवडीची गाडी भरायला लागलीये."

मॅडमनी लगेच कंपनीच्या जितेंद्र सोनवण्यांना फोन लावला. रोपांची तपासणी त्यांच्याकडेच होती. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची पट्टी अजून चाचणीतच आहे, असं तुम्हीच अहवालात लिहिलंय. तिच्या भरवशावर मी शेड बंद करू? मालकांना काय सांगू?"

मॅडमनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांचंही खोटं नाही. आणि आपण बाहेर बोललो, तर उद्या एकही कंपनी आपल्या दारात उभी राहणार नाही."

 पुनमने मॅडमना सांगितलं नाही, पण आबांनी याच कंपनीकडे रोपं नोंदवली होती. शेजारच्या कौतिककाकांनीही. दोघांची गाडी सोमवारी सावद्याला यायची होती.

शनिवारी ती घरी गेली. अंगणात आबा ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. सोमवारी रोपं उतरवायला मजूर सांगितलेत, असं ते म्हणाले. पुनमला जेवण गेलं नाही. आईने दोनदा विचारलं, ऊन लागलं का म्हणून. शेवटी ती आबांजवळ जाऊन बसली.

"आबा, या खेपेची रोपं..."

आबांनी हात वर केला. "थांब. पुढे बोलू नको."

"पण आबा..."

"तुनं कागदावर सही केली, तूच सांगितलं होतं मले. आता तू मले सांगशील, त मी कौतिकले सांगल्याबिगर राहणार नाही. तो गावाले सांगीन. मंग तुही नोकरी जाईन, अन् तुह्या मॅडमचं कामही." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "ज्याची रोपं हायेत, त्याच्याकडे जाय. त्याच्या तोंडावर सांग."

"आणि गाडी आली तर?"

"आली त पाहू," आबा म्हणाले. पण नळी गुंडाळणारा त्यांचा हात थांबला होता.

रविवारी पुनम पट्ट्यांचा डबा घेऊन एसटीने एरंडोलला गेली. तिथून रिक्षा. मॅडमना तिने वाटेत फोन केला. मॅडम घाबरल्या, पण "जाऊ नकोस" असं म्हणाल्या नाहीत. रोपवाटिकेत ट्रकमध्ये ट्रे चढत होते. जितेंद्र तिला पाहून चपापले.

"कुणाला सांगितलं का तुम्ही?"

"नाही, सर. म्हणूनच इथे आलेय. मी नाही, तुम्ही स्वतः थेंब सोडा. कुठलंही रोप निवडा."

जितेंद्रनी आधी दोन नंबरच्या शेडमधलं पान घेतलं. एक रेघ. मग चार नंबरमधलं. बघता बघता दुसरी रेघ ठळक झाली. त्यांनी आणखी पानं तोडून आणली. उन्हात उभ्या उभ्या त्यांचा शर्ट घामाने भिजला.

"फेगडे मॅडम, माझीही नोकरी आहे," ते हळूच म्हणाले. "तुमची पट्टी चुकीची ठरली, तर शेड अडवली म्हणून मी घरी बसेन. बरोबर ठरली, तर आधी का कळलं नाही म्हणून."

पुनमने डब्याचं झाकण लावलं. ती म्हणाली, "सोमवारची एक गाडी सावद्याला माझ्या वडिलांकडे जाणार आहे."

जितेंद्रनी हातातली पट्टी खिशात ठेवली. मग त्यांनी हमालांना हाक मारली आणि चार नंबरचे ट्रे उतरवायला लावले. मालकांना फोनवर सांगितलं, मुळ्या कच्च्या आहेत, थोडे दिवस थांबू. पण त्या शेडमधली एक गाडी आदल्या दिवशीच रावेरच्या बाजूला गेली होती. तिथल्या शेतकऱ्याला त्यांनी रोपं बदलून द्यायचा निरोप पाठवला. निम्मी रोपं तोवर लावून झाली होती.

पुण्याचा अहवाल यायला जून उजाडला. बहुतेक नमुन्यांत विषाणू होता. काही नमुन्यांत मात्र पट्टीने दोन रेघा दाखवल्या होत्या आणि विषाणू नव्हता. म्हणजे पट्टी पुरती खरी नव्हती, पुरती खोटीही नव्हती. कंपनीने त्या शेडमधली सगळी रोपं गुपचूप जाळली आणि कराराची मुदत संपल्यावर तो वाढवला नाही. शोधनिबंध छापायला मागितलेल्या परवानगीचं उत्तर अजून आलेलं नाही. आबांना आणि कौतिककाकांना दुसऱ्या शेडची रोपं मिळाली, लागवड उशिरा झाली. असं का झालं, ते आबांनी एकदाही विचारलं नाही.

हरण्या ढगाळ, गार हवेत जोर धरतो; श्रावणात ढग दाटले की पुनमला रावेरच्या त्या शेताची धास्ती वाटायची. एकदा ती तिथे जाऊनही आली. पिवळी पडलेली झाडं शेतकऱ्याने उपटली होती. बाकीची उभी होती, आणि ती कशी निघतील हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

आता धुळ्याची एक कंपनी पट्टी बनवायला पुढे आलीये. तिच्या कराराच्या मसुद्यातही निकाल गुप्त ठेवायचं कलम आहेच. पुनमने त्याखाली एक वाक्य घालायला सुचवलं: रोग सापडला, तर खात्री होईपर्यंत ती रोपं विकायची नाहीत. मॅडमनी ते वाक्य तसंच पाठवलं. कंपनीचे वकील विचार करून कळवतो म्हणाले आहेत. मेल आल्याचा आवाज झाला, की प्रयोगशाळेत दोघी एकदम मान वर करतात.